पावसाचा जमाखर्च

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत हिवरे बाजार नावाचे एक लहानसे गाव आहे. सह्याद्रीला अडलेले ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. या भागाच्या वाट्याला येतो तो उरलासुरला पाऊस. त्यामुळे दुष्काळ हा येथला जुना पाहुणा. १९७२ च्या दुष्काळाने तर गावाचा कणाच मोडला. विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले आणि पावसाच्या लोंढ्याबरोबर मातीही वाहून जाऊ लागली. पुष्कळ माणसे मजुरीसाठी गाव सोडून गेली.

१९८९ साली श्री. पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण गावाचे सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान आरंभिले. उतारावर समपातळीत चर खणले, नाल्यांवर बांध घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. चरांत थांबलेले पाणी जमिनीत मुरले आणि विहिरींचे झरे हळूहळू जागे झाले.

येथवरची कथा इतर काही गावांतही घडली आहे. परंतु कित्येक ठिकाणी पाणी दिसताच ऊस आला, विंधनविहिरी आल्या, आणि थोड्याच वर्षांत पाणी पुनः पाताळात गेले. हिवरे बाजारने ही धास्ती आधीच ओळखली. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस व केळी ही तहानलेली पिके बागायतीत घ्यावयाची नाहीत, असे ग्रामसभेने ठरविले.

त्याहून अवघड काम पुढेच होते. पावसाळा सरला की गाव हिशेबाला बसते. एक हेक्टर भूमीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे १०० मिलिमीटर पावसाने सुमारे ९७ कोटी ७० लक्ष लिटर पाणी मिळते. आकडा ऐकून डोळे दिपतात! पण त्यातील बरेचसे वाफ होऊन उडते, काही पिके व झाडे शोषून घेतात, काही ओढ्याने निघून जाते. मुरते ते थोडे. त्यातून प्रथम माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढावयाचे, आणि मग शेतीचा विचार करावयाचा.

'विहीर माझी, मग पाणी गावाचे कसे?' असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविकच आहे. परंतु भूगर्भातील पाण्याला शेताचा बांध ठाऊक नसतो. एकाने अधिक उपसले, की शेजाऱ्याची विहीर खोल जाते.

आज या हिशेबाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. म्हणून कधी पाऊस दीर्घकाळ दडी मारतो, तर कधी एकाच दिवसात धो धो कोसळतो. गेल्या वर्षीच्या पावसावर विसंबून यंदाची पेरणी करणे धोक्याचे झाले आहे.

पाऊस उणा पडला, तर ग्रामसभा पीक-आराखडा बदलते. गव्हाचे क्षेत्र घटते. ज्वारी, हरभऱ्यासारख्या थोड्या पाण्यावर येणाऱ्या पिकांना प्राधान्य मिळते. उन्हाळी पीक बहुधा सोडूनच द्यावे लागते. त्या वर्षी घरात पैसा कमी येतो, हे खरेच. विहिरीत मात्र वैशाखापुरते पाणी राहते.