नकार की मौन? फायरवॉलची परीक्षा

समजा, शाळेतील एका लिनक्स संगणकावर वेब सर्व्हर चालू आहे. पण शेजारच्या संगणकावर त्याचे पान उघडत नाही. दोष फायरवॉलचा आहे काय? प्रयोगानेच ठरवू.

प्रथम त्याच संगणकावर १२७.०.०.१ हा पत्ता उघडा. तेथेही पान दिसले नाही, तर आधी सर्व्हर तपासा. दिसले, तर शेजारून पुन्हा प्रयत्न करा. ‘जोडणी नाकारली’ असे उत्तर तत्काळ आले, तर त्या पोर्टवर बाहेरच्यांसाठी सर्व्हर हजर नसावा किंवा फायरवॉलने नकार कळवला असावा. नुसतेच मौन असेल, तर पॅकेटे कोणीतरी गुपचूप टाकून देत असावे. पण असे राउटरही करू शकतो! म्हणून पुरावा हवा.

लिनक्सच्या गाभ्यातील ‘नेटफिल्टर’ प्रत्येक पॅकेट नियमांशी ताडून पाहतो. ‘आयपीटेबल्स’ वापरात असेल, तर त्या आज्ञेने नियमांची सविस्तर यादी मागवा. प्रत्येक नियमाला किती पॅकेटे लागू पडली, तो आकडा तेथे असतो. आकडे टिपा, शेजारून प्रयत्न करा, पुन्हा पाहा. दर प्रयत्नाला ‘ड्रॉप’चा आकडा वाढतो? मग अडवणारा सापडला!

फायरवॉल बंद करून पाहण्याचा मोह टाळा. तेवढ्या वेळात संगणक उघडा पडतो. निदान झाल्यावर हवे तेवढेच पोर्ट उघडा.