जीपचं इंजिन डिझेलचं झालं, सायलेन्सरचं काय?

प्रश्न : माझ्या जुन्या फोर-व्हील महिंद्रा जीपचं पेट्रोल इंजिन काढून प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं. आता बैहरच्या घाटात काळा धूर येतो आणि ओढ कमी पडते. एक मिस्त्री म्हणतो, सायलेन्सर काढून सरळ पाइप टाका. दुसरा म्हणतो, बॅक प्रेशर गेलं तर उरलीसुरली ताकदही जाईल. पावसाळ्यात नाले ओलांडावे लागतात, तर ट्रॅक्टरसारखा पाइप वर न्यावा का?
– एक वाचक, बालाघाट

उत्तर : तुम्ही धूर, दाब आणि पाणी असे तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. धुरापासून सुरुवात करू, म्हणजे पुढचं सोपं होईल.

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरची झडप उघडते. म्हणजे आपण हवा वाढवतो आणि पेट्रोल तिच्यामागे येतं. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर बहुधा अशी झडप नसते. ते दर खेपेला छातीभर हवा घेतं आणि आपला पाय फक्त डिझेल कमी-जास्त करतो. त्यामुळे बाहेरची वाट तुंबली की दोन्ही इंजिनं वेगळी वागतात. पेट्रोल इंजिन हवा कमी तर पेट्रोलही कमी घेतं आणि नुसतं मंदावतं. डिझेलचा पंप मात्र ठरलेलं माप टाकतच राहतो. सिलिंडरमध्ये जळका वायू मागे उरलेला, ताजी हवा कमी आणि डिझेल तेवढंच. मग न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. तोच हा काळा धूर.

पण म्हणून जुन्या पाइपालाच दोषी धरू नका. तुमच्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन बहुधा २.२ लिटरचं ‘हरिकेन’ असेल. महिंद्रांनी १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन जे डिझेल इंजिन आणलं, ते २.१ लिटरचं. म्हणजे आकार जवळपास तोच. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असं इंजिन अडीच-तीन हजार लिटर हवा ओढतं आणि तापून तीच हवा दुपटीहून अधिक फुगून बाहेर येते. पूर्ण जोरावर पेट्रोलचा वायू याहूनही गरम असतो. त्यामुळे जो पाइप पेट्रोल इंजिनाला पुरत होता, तो धड असेल तर टर्बो नसलेल्या या डिझेललाही पुरतो.

खरी गफलत जोडकामात होते. नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डचं तोंड वेगळ्या जागी येतं. पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केस चुकवत पाइप वळवावा लागतो. घाईत तापवून वाकवलेला पाइप कोपऱ्यावर चपटा होतो, किंवा एका पाइपात दुसरा खुपसून वेल्डिंग केलं की आत कडा राहते. बागेतल्या पाण्याच्या नळीवर एका जागी पाय पडावा, तसंच हे. म्हणून मिस्त्रीला आधी गाडीखाली जाऊन सगळे बेंड बघायला सांगा.

त्याही आधी एअर फिल्टर बघा. भरवेली-उकव्याकडच्या खाणींच्या रस्त्यांवरच्या धुळीनं तो फार लवकर भरतो, आणि आत येणारी हवा अडली तरी धूर तसाच काळा निघतो. मग इंजेक्टर आणि पंप तपासून घ्या. एवढं करूनही शंका उरली, तर मॅनिफोल्डमधून खाली येणाऱ्या डाऊन पाइपचा जोड सैल करून मोकळ्या रस्त्यावर थोडंसं अंतर चालवून पाहा. ओढ परत आली, तर अडथळा त्या जोडाच्या पुढे आहे.

आता बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूला अडवणारा मागचा दाब. इंजिनाला तो हवा असतो, हा समज खूप पसरलेला आहे. पण मागचा दाब कोणत्याही इंजिनाला ताकद देत नाही. पेट्रोल इंजिनात फार रुंद पाइप टाकला की वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटते. तो परिणाम वेगाचा, पण नाव दाबाचं झालं. तरी पहिल्या मिस्त्रीचा सरळ पाइपही घेऊ नका. त्यातून आवाज वाढेल, ताकद जाणवण्याइतकी वाढणार नाही. पुढे टर्बो बसवलात, तर मात्र त्याच्या मागचा पाइप रुंद करणं खरोखर उपयोगी पडतं.

एक खर्च टाळू नका. डिझेल इंजिन जास्त थरथरतं, म्हणून मॅनिफोल्डनंतर जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा आणि पुढे रबरी हँगर हवेतच. नाहीतर पाइप फ्लँजपाशी तडकतो.

नाल्याचं पाणी सायलेन्सरमधून शिरेल, ही भीती बरीचशी अनाठायी आहे. इंजिन चालू असेपर्यंत वायूचा झोत पाणी बाहेरच ढकलतो. फक्त मध्येच गाडी बंद पडू देऊ नका. खरा धोका हवा घेणाऱ्या तोंडाचा. तिथून पाणी सिलिंडरात गेलं तर ते दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे वर न्यायचंच असेल, तर हवेचं तोंड न्या. ट्रॅक्टरचा पाइप वर असतो तो चिखल आणि वाळलेलं तण टाळण्यासाठी. जीपला तसा लावलात, तर धूर टपाखाली बसणाऱ्यांच्या तोंडावर येईल.

पाइपाचं तोंड टपाच्या मागच्या कडेपर्यंत बाहेर काढा. ते पोटाखालीच संपलं, तर धावत्या गाडीमागच्या पोकळीतून विषारी वायू आत ओढला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११२वा नियमही वायू खाली किंवा डावीकडे सोडू देत नाही. मागे किंवा उजवीकडेच सोडायला सांगतो. मुक्कीकडच्या सालवनातून जाताना याचा आणखी एक फायदा आहे : उन्हाळ्यात खाली वाळलेला पाचोळा असतो आणि तापलेला झोत त्यावर पडत नाही.

१२०व्या नियमानुसार सायलेन्सर सक्तीचाच आहे. कायद्यातल्या आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरसीवर इंजिन आणि इंधन बदलल्याची नोंद आहे ना, हेही बघून घ्या. जुन्या डिझेल गाड्यांसाठी पीयूसी तपासणीत धुराच्या दाटपणाची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. फिल्टर आणि बेंड सुधारण्याआधी एकदा आणि नंतर एकदा या तपासणीचा आकडा लिहून ठेवा. काम किती झालं, ते मिस्त्रीला विचारावं लागणार नाही.