मुरुमाची खाण संपल्यावर जमीन पूर्ववत कशी करावी?

मुरूम हे गौण खनिज आहे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्रात गौण खनिजांसाठी 2013 ची स्वतंत्र नियमावली आहे. त्यामुळे खाणपट्ट्याच्या आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी आधी नीट वाचाव्यात. जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी त्यांतच लिहिलेली असते.

खरे काम खाणकामाच्या पहिल्या दिवशीच सुरू होते. वरची वीतभर काळी माती वेगळी काढून बांधाकडेला कमी उंचीच्या ढिगात ठेवावी आणि तिच्यावर ताग पेरावा. ही माती मुरुमात मिसळली, तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. खाणकामाच्या सुरक्षा नियमांनुसार मुरुमाच्या कडांचा उतार 45 अंशांहून तीव्र नसावा; पायऱ्या केल्या, तर प्रत्येकीची उंची दीड मीटरच्या आत आणि रुंदी किमान उंचीइतकी हवी. उभी कड पहिल्याच मोठ्या पावसात ढासळते, आणि तिच्याखाली गुरे, मुले सापडतात. म्हणून कुंपण शेवटपर्यंत राहावे.

भराव करताना खाली निरुपयोगी दगड-मुरूम, वर जपलेली माती. शहरातला कचरा मुळीच नको. त्याचे पाणी थेट विहिरींत उतरते. पावसाचे पाणी कडेवरून वाहू न देता चराने वळवावे. उतारावर वाळा, माथ्यावर करंज, सीताफळ लावावे. खड्डा शेततळे म्हणून ठेवायचा असेल, तर तसा बदल खाणकामाच्या आराखड्यात आधीच मंजूर करून घ्यावा.