रिसीव्हर घेण्याआधी घरातली लाइन बघा

होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. मी त्याला उलट विचारतो, "संध्याकाळी सात वाजता तुझ्या घरात व्होल्टेज किती असतं?" बहुतेकांनी ते कधी मोजलेलं नसतं. शहरातल्या दुकानात, एसीच्या खोलीत, सोफ्यावर बसवून ऐकवलेला आवाज ऐकून माणूस पैसे मोजतो आणि ते यंत्र अशा घरात आणून बसवतो जिथं लाइट दिव्यासारखी मिणमिणते, बसायला सतरंजी असते आणि ऊसतोडीमुळे वर्षातले पाच-सहा महिने दाराला कुलूप असतं. यंत्र या घराला शोभेल असं घ्यायला हवं, म्हणून हे लिहितोय.

आमचं लिंबागणेश हे मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला चतुर्थीला माणसं लांबून येतात. मी इथं रेडिओ, टेप, टीव्ही, अँप्लिफायर दुरुस्त करत आलो. अलीकडे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेले रिसीव्हरही दुरुस्तीला येऊ लागलेत, आणि त्यातले बरेचसे जळून आलेले असतात.

एका ऊसतोड जोडप्याची गोष्ट सांगतो. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी आले, मुकादमाची उचल फिटली, हातात थोडे पैसे राहिले. नवऱ्याला गाण्याचा फार नाद. त्यानं चांगल्या कंपनीचा रिसीव्हर आणि स्पीकर आणले. बसवून महिना झाला नसेल, वळवाचं वारं सुटलं आणि डीपीवरची न्यूट्रलची तार सुटली. घरातले बल्ब एकदम पांढरेफटक झाले, पंखा गरगरला, आणि रिसीव्हरमधून जळका वास आला. दुसऱ्या दिवशी यंत्र पोत्यात गुंडाळून माझ्यापुढं ठेवत तो म्हणाला, "काका, बंदच होता ओ. रिमोटनं बंद केला होता, तरी कसा जळाला?" ज्या दुकानातून घेतला तिथं सांगितलं, व्होल्टेजनं जळालेलं वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीच्या कागदावर तसं छापलेलंही होतं. थंडीत पहाटे उठून तोडलेल्या उसाचे पैसे होते ते. असं यंत्र उघडताना मला वाईट वाटतं आणि रागही येतो, कारण हे टाळता येतं.

रिमोटनं बंद केलेला रिसीव्हर पूर्ण बंद नसतो. रिमोटची वाट बघत आत एक छोटा सप्लाय सतत चालू असतो आणि जास्त व्होल्टेज आलं की बऱ्याचदा पहिला जातो तोच. आता न्यूट्रलचं. गावात तीन फेज येतात, प्रत्येक घराला एक फेज आणि सगळ्यांना मिळून एक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल सुटली की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकामागं एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट लोडप्रमाणे आपसात वाटले जातात. ज्या फेजवर मोटारी, हीटर असा जास्त लोड असतो तिथं व्होल्टेज पडतं, आणि ज्या फेजवर दोन बल्ब आणि एक टीव्ही असतो तिथं ते तीनशेच्या पुढं चढतं. म्हणजे मार बसतो तो कमी लोड असलेल्या घराला.

स्पाइक गार्डची पट्टी यावर उपाय नाही. तिच्या आत जो भाग असतो तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, मिनिटभर तीनशे व्होल्ट राहिलं तर तो स्वतःच जळतो. साधा स्टॅबिलायझरही पुरत नाही, जर त्यात वरच्या व्होल्टेजला लाइन तोडण्याची सोय नसेल. घ्यायचं ते ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, मीटरनंतर बोर्डात बसणारं, आकडा दाखवणारं. वरची मर्यादा २७० च्या खाली ठेवावी. लाइट गेल्यावर परत आली की दोन-तीन मिनिटं थांबून मग जोडणारं असावं, कारण लाइट येते त्या पहिल्या मिनिटात व्होल्टेज फार हेलकावे खातं. रिसीव्हरच्या किमतीपुढं या वस्तूची किंमत किरकोळ आहे, आणि ती टीव्ही-फ्रिजलाही वाचवते. त्या जोडप्याच्या घरात आता ते बसवलंय. त्यांचा रिसीव्हर दुरुस्त झाला, पण सुटे भाग येईपर्यंत पावसाळा निम्मा सरला.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि तिथं मी कुणाचंही ऐकून घेत नाही. पुष्कळ घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागं काही नसतं. काही ठिकाणी तर वायरिंग करणाऱ्यानं अर्थची तार न्यूट्रललाच बांधलेली असते. न्यूट्रल तुटली तर यंत्राचा पत्रा फेजवर येईल आणि हात लावणारा मरेल. हे दिसलं की त्याच दिवशी सोडवून घ्यावं. आपली जमीन मुरमाची, खाली काळा दगड. मीठ-कोळसा घालून खड्डा केला तरी चैत्र-वैशाखात तो वाळतो आणि अर्थ नावापुरता राहतो. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावं. वायरमनकडून मीटरवर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघून घ्यावं: एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक, दहा-पंधरा दाखवत असेल तर न्यूट्रल किंवा अर्थ, दोन्हीपैकी एक कमजोर आहे.

अर्थ नसलेल्या घरात टीव्ही किंवा सेटटॉप बॉक्सच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. त्या माणसाला सहन होतात, एचडीएमआयच्या सॉकेटमागच्या चिपला होत नाहीत. रिसीव्हर ठणठणीत आणि एचडीएमआय मेलेला, असे नमुने माझ्याकडे बरेच येतात. म्हणून केबल जोडताना किंवा काढताना टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर तिन्हींच्या पिना सॉकेटातून बाहेर काढायच्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण कधी कधी चुकून न्यूट्रलवर घातलेलं असतं. आभाळ भरून आलं की वीज कडाडण्याआधीच पिनांबरोबर छतावरच्या डिशची केबलही बॉक्समधून काढावी. ती केबल बॉक्सला, बॉक्स टीव्हीला, टीव्ही रिसीव्हरला जोडलेला असतो. विजेला एवढी वाट पुरते.

एवढं झालं की मग खुशाल वॅट विचारा. खोक्यावर पाच हजार, दहा हजार वॅट पीएमपीओ लिहिलेलं असतं, त्याकडे बघूच नका. यंत्र उलटं करून मागची पाटी वाचा, किती वीज खातं ते तिथं लिहिलेलं असतं. साठ वॅट खाणारं यंत्र सतत साठ वॅटपेक्षा जास्त आवाज देऊ शकत नाही. चांगल्या कंपन्यांच्या रिसीव्हरवरही दोन प्रकारचे आकडे असतात: एकच चॅनेल चालवून, दहा टक्के विकृती धरून मोठा आकडा, आणि दोन चॅनेल चालवून, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, एक टक्क्याहूनही कमी विकृती धरून लहान आकडा. लहान आकडा खरा. तोही आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला भरपूर होतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. त्यापेक्षा ते पैसे स्पीकरवर घाला.

पोरं येतात, म्हणतात, "काका, डॉल्बीसारखा बास पाहिजे." मी त्यांना 'सैराट' लावून दाखवतो. २०१६ साली आलेल्या या सिनेमाचा वाद्यवृंद अजय-अतुलनं अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. नुसत्या धडधडीत व्हायोलिनं बुडून जातात. चांगल्या जोडणीत ती डावी-उजवीकडं पसरतात, मधून गळा स्वच्छ येतो, आणि मग पोरं स्वतःच बासचं बटण कमी करतात.

खरेदीत फसगत होते अशा काही जागा. खोक्यात तयार मिळणारा होम थिएटर आणि वेगळा रिसीव्हर यांचे स्पीकर एकमेकांना चालत नाहीत. खोक्यातले पुष्कळदा तीन-चार ओहमचे असतात, रिसीव्हरला सहा ते आठ ओहमचे लागतात. जुने वाया जाऊ नयेत म्हणून ते जोडले की यंत्र तापतं, लाल दिवा लुकलुकतो आणि बंद पडतं. सबवूफरचंही तसंच. रिसीव्हरच्या मागं सबवूफरसाठी फक्त सिग्नलची जागा असते, ताकद नसते. स्वतःचा अँप्लिफायर असलेला सबवूफरच तिथं चालतो, नुसती पेटी लावली तर मुकी बसते. अमेरिकेतल्या नातेवाइकानं प्रेमानं आणलेला रिसीव्हर आधी पाटी वाचून घ्या. त्यावर १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि तुम्ही तो सरळ आपल्या सॉकेटात घातला, तर पुढचं सांगायला नको.

आणि सिनेमा कशातून बघणार? डीडी फ्री डिशवर किंवा साध्या केबलवर येणारा आवाज बहुतेक दोनच चॅनेलचा असतो. पाच स्पीकरांत तो यंत्र आपल्या अंदाजानं वाटतं. खरा पाच-एकचा आवाज डिस्कमधून किंवा ओटीटीतून येतो, आणि टीव्हीवरच्या ओटीटीचा आवाज रिसीव्हरपर्यंत जायचा तर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्याच सॉकेटात केबल हवी आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवरून ऑटो किंवा बिटस्ट्रीमवर हवा. घरात इंटरनेट नसेल आणि फ्री डिशच बघायचं असेल, तर दोन चांगले स्पीकर आणि एक स्टिरिओ अँप्लिफायर घ्या. उरलेल्या पैशांत बियाणं येईल.

गावठी जोडणीचा अँप्लिफायरही मी कमी लेखत नाही. ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचा बोर्ड जळाला तर त्याच दिवशी दुरुस्त होतो, सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतात. ट्रान्सफॉर्मर तेवढा तांब्याच्या वेटोळ्याचा असल्याची खात्री करा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा रंग देऊन विकलेला ट्रान्सफॉर्मर वजनाला हलका लागतो आणि तासाभरात हात ठेववत नाही इतका तापतो.

स्पीकरला घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. लाल तार लालला, काळी काळ्याला. एकही उलटी गेली की एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, बास गायब होतो आणि गायकाचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. शंका आली तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, अधिक टोक लालला. पडदा बाहेर आला तर बरोबर.

"बोलणं कळंना" ही सर्वांत मोठी तक्रार, आणि तिचं कारण बसण्यात आहे. पुस्तिकेतली चित्रं सोफ्यावर बसलेल्या माणसाची असतात. आपण खाली बसतो, आपला कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो, टीव्ही मात्र भिंतीवर पाच फुटांवर टांगलेला असतो आणि संवादाचा मधला स्पीकर त्याच्याही वर फळीवर. तो टीव्हीच्या खाली घ्या, कानाकडं किंचित झुकवा. म्हातारीआईलाही संवाद कळेल. रिसीव्हरबरोबर येणारा मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, म्हणजे तिथंच अडीच फुटांवर ठेवून मापं घ्यायची, आणि तेही पिठाची गिरणी बंद झाल्यावर, पंखा-कूलर बंद करून. नंतर सेटिंगमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि बासची विभागणी (क्रॉसओव्हर) ८० हर्ट्झवर आहे ना, ते हातानं तपासा. यंत्र बऱ्याचदा छोट्या स्पीकरला मोठा समजतं.

खोलीबद्दल एवढंच सांगतो की एकदा टाळी वाजवून बघा. जुन्या माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंती आणि लाकडी तुळया यांच्यात टाळी जागच्या जागी विरते. असं घर असेल तर ते पाडायची घाई करू नका. स्लॅबच्या, फरशीच्या खोलीत ती घुमते. मागच्या भिंतीवर दोन जाड वाकळा टांगा. पत्र्याच्या घरात बास लागला की पत्रे थरथरतात, तिथं हुकांखालचे वॉशर आवळून घ्यावे लागतात. वेचणीनंतर घरात कापूस साठवलेला असतो तेव्हा त्याच खोलीतला आवाज कमालीचा सुधारतो, कारण कापूस घुमणं चांगलं शोषून घेतो. पण यंत्र कापसाजवळ ठेवू नका. ते तापतं, ठिणगी पडू शकते, आणि तंतू जाळीत अडकून हवा कोंडते.

राहिले कुलपाचे महिने. दिवाळीनंतर तोडीला निघताना रिसीव्हर, सबवूफर, टीव्ही, बॉक्स, सगळ्यांच्या पिना काढा आणि डिशची केबलही सोडा. यंत्र पुसून सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवा. प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका, आत ओल धरते. पेटीला उंदीर शिरेल असं भोक नको, कारण तारेचं आवरण तो आवडीनं कुरतडतो. पाली जाळीतून आत जाऊन सर्किटवर मरतात, म्हणून उघड्यावर ठेवायचंच असेल तर वरून डासांच्या जाळीचा तुकडा, आणि वापरताना तो काढायचा. रिमोटमधले सेल काढून ठेवा, ते फुटले तर रिमोट जातो. परत आल्यावर यंत्र लगेच चालू करू नका. आधी प्रोटेक्टरवरचा आकडा दोन-तीन संध्याकाळी बघा, अर्थच्या खड्ड्यात पाणी ओता, स्पीकरच्या तारा हातानं ओढून बघा, आणि मग आवाज अगदी कमी ठेवून पहिलं गाणं लावा.