झाडावर चढणाऱ्याची कडी



कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांतल्या आंध वस्त्यांवर फाल्गुन-चैत्रात गेलात, तर पुरुष माणसे घरी कमी आणि चिंचेवर जास्त सापडतील. झाड गुत्तेदाराचे, चढणारा रोजावर. कमरेला कासरा, हातात आकडी आणि खाली तीस-चाळीस फूट. पावसाळ्याआधी हीच माणसे फांद्या छाटायलाही जातात. चढणारा बहुधा भूमिहीन असतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत मृत्यूनंतर 2 लाख रुपये मिळतात, पण ती सातबारा असलेल्या शेतकरी कुटुंबासाठी आहे. याच्या घरी त्यातून काही येत नाही.

गेल्या वर्षी चढणाऱ्यांसाठी दोर आणि पट्टे घ्यायचे ठरले, तेव्हा कड्या आणायला मीच गेलो. दोर पट्ट्याला जोडणारी ही उघडमीट होणारी धातूची कडी. गिर्यारोहक तिला कॅराबिनर म्हणतात. स्वस्त मिळाल्या म्हणून डझनभर घेतल्या. वस्तीवरच्या दहावीतल्या एका मुलाने त्यातली एक उलटसुलट करून बारीक अक्षरे वाचून दाखवली: ‘नॉट फॉर क्लाइंबिंग’. किल्ल्या आणि पाण्याची बाटली अडकवायची वस्तू मी माणसाच्या जिवाला लावणार होतो! नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो, हे अनुवाद 22:8 मधले शिक्षण मी युवकांना कितीदा दिले आहे. कठडा पुठ्ठ्याचा असला तरी चालेल, असे तिथे कुठे नाही.

मग मी बसून शिकलो. ते असे.

खऱ्या कडीच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने बाण आणि त्यापुढे 22 केएन किंवा जास्त, म्हणजे साधारण 2,200 किलोचा ताण. साठ किलोच्या माणसाला एवढे कशाला? कारण पडताना दोर एकदम ताणला की बसणारा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. त्याच पाठीवर आणखी दोन लहान आकडे दिसतील, बहुधा सात-आठच्या घरातले. एक कडी आडवी ओढली गेली तर, दुसरा गेट उघडे राहिले तर. गेट म्हणजे कडीची उघडणारी दांडी. म्हणजे बंद कडीची ताकद गेट उघडताच तिसऱ्या हिश्श्यावर येते. कुलूप लागते ते याचसाठी.

कुलपाचे प्रकार तीन. पहिले पेचाचे, हाताने फिरवून बंद करायचे. ते माणूस विसरतो, आणि फांदीला घासून पेच सैलही होतो. दुसरे आपोआप लागते. फिरवले की उघडते. झाडावर हेही मला पुरेसे वाटत नाही, कारण दोर घासत गेला तर तोच फिरवून दाबू शकतो. तिसऱ्याला आधी सरकवावे, मग फिरवावे, मग दाबावे लागते. झाडकामाला हेच घ्यावे. अमेरिकेतल्या झाडकामाच्या झेड 133 या नियमावलीतही कडी आपोआप मिटणारी व कुलूप लागणारी, उघडायला किमान दोन वेगळ्या हालचाली लागणारी आणि 5,000 पौंड, म्हणजे सुमारे 2,270 किलो, पेलणारी हवी असे आहे. युरोपची ईएन 362 ही खूण पाहावी. पट्ट्यांसाठी आपल्याकडे आयएस 3521 हे मानक आहे. नुसत्या कंबरपट्ट्यावर लटकणे टाळावे. मांड्या आणि खांदे धरणारा पट्टा घ्यावा.

दुकानात गेट हळूच उघडून सोडा. ते हात न लावता मिटले आणि कुलूप लागले तरच घ्या. हातमोजा घालूनही उघडून पाहा.

आमच्या जुन्या चढणाऱ्यांची तक्रार वेगळीच होती. “तीनदा खटाटोप करेपर्यंत शेजारच्याची गोणी भरती, मास्तर.” खरे आहे, रोज वजनावर ठरत असेल तर सावधपणा महागच पडतो. त्यावर एकच तोड निघाली: दोन दोर, दोन कड्या. फांदी ओलांडताना दुसरी लावल्याशिवाय पहिली काढायची नाही. आठवडाभरात हात बसला. गुत्तेदाराशी रोजाचे बोलणे मात्र अजून चालूच आहे.

दुसरी अडचण धूळ आणि चिंचेच्या चिकाची. चिंच अंगाला लागते तशी कडीलाही लागते, स्प्रिंग जड होते आणि गेट अर्धवट मिटून राहते. कोमट पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी, सांध्यावर तेलाचा एखादाच थेंब. कडी फांदीच्या धारेवर टेकलेली नको आणि गेट बुंध्याकडे नको. विजेच्या तारेजवळच्या फांदीला कोणतीही कडी उपयोगाची नाही; तिथे महावितरणने प्रवाह बंद केल्याशिवाय चढूच नये.

दोराने घासून खाच पडलेली, तडा गेलेली किंवा मोठा हिसका खाल्लेली कडी बाद करायची. बाद झालेली आम्ही करवतीने दोन तुकडे करून टाकतो. नुसती फेकली की कुणीतरी उचलून परत कासऱ्याला बांधतो.