वचन कोणाचे, किल्ली कोणाकडे?

रात्रीच्या वर्गात आम्ही वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतो. ज्याला जेवढे जमेल, तेवढे त्याने वाचावे. २०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात महापौराची निवडणूक झाली. ती बातमी एक बाई अक्षरे लावीत वाचत होत्या. "बस फुकट करणार," एवढे वाचले, आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, महापौराला असं करता येतं का हो?"

प्रश्न नामी होता. त्या प्रश्नाचाच हा पाठ.

न्यूयॉर्क हे अमेरिकेतले सर्वांत मोठे शहर. वस्ती ऐंशी लाखांच्या वर. आपल्या मुंबईचा महापौर नगरसेवक निवडतात. न्यूयॉर्कचा महापौर लोक स्वतः मत देऊन निवडतात. आपण गावचा सरपंच थेट निवडतो, तसेच. (आपल्याकडे ही रीत २०१७ साली आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली.)

मुख्य उमेदवार तीन होते. जोहरान ममदानी हे डेमोक्रॅटिक पक्षाचे. यांची आई मीरा नायर, आपल्या भारतातल्या, सिनेमे काढणाऱ्या. दुसरे अँड्र्यू क्युओमो. हे पूर्वी न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री समजा. पक्षाने निवडले नाही म्हणून ते स्वतंत्र उभे राहिले. तिसरे कर्टिस स्लिवा, रिपब्लिकन पक्षाचे.

आता वचने पाहू. ममदानी म्हणाले, ज्या घरांचे भाडे कायद्याने बांधलेले आहे, त्यांचे भाडे वाढू देणार नाही. शहरातली बस फुकट करू. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना पाळणाघर फुकट. पैसा कुठून? वर्षाला दहा लाख डॉलरांहून जास्त कमावणाऱ्यांवर जादा कर बसवू. क्युओमो म्हणाले, पाच हजार पोलीस वाढवू, दहा वर्षांत पाच लाख घरे बांधू. स्लिवा म्हणाले, सात हजार पोलीस वाढवू. मुक्या जनावरांना जपू असेही ते म्हणाले. त्यावर आमच्या वर्गात हशा पिकला. पण हसू नये. ज्याला जे जिव्हाळ्याचे, त्यावर तो मत देतो.

सगळेच गोड वाटते, नाही का? मग निवडायचे कसे? आम्ही वर्गाला म्हटले, प्रत्येक वचनाला एक कुलूप आहे असे समजा. त्याची किल्ली कोणाकडे आहे ते शोधा.

भाड्याचे घ्या. अशी घरे न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख आहेत. त्यांचे भाडे नऊ जणांचे मंडळ ठरवते. मंडळावर माणसे नेमतो कोण? महापौर. पूर्वी २०१५, २०१६ आणि २०२० साली या मंडळाने एक वर्षाच्या करारांचे भाडे वाढू दिले नव्हते. म्हणजे ही किल्ली बरीचशी महापौराच्या कमरेला. बरीचशी म्हणतो, कारण मंडळाला घरमालकाचा खर्चही पाहावा लागतो. मालकाने डागडुजी सोडली, तर छत गळते भाडेकरूच्याच डोक्यावर.

बसचे तसे नाही. न्यूयॉर्कची बस चालवते ते मंडळ राज्याचे. कर वाढवायचा तर तोही राज्याच्या विधिमंडळाने वाढवायचा. आणि तेव्हाच्या गव्हर्नरबाईंनी आयकर वाढवायला निवडणुकीआधीच नकार दिला होता. आपली एस.टी. आठवा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. ते सरपंचाने केले काय? राज्य सरकारने केले.

पण किल्ली दुसऱ्याकडे आहे म्हणून वचन खोटेच, असेही नव्हे. २०२३ साली राज्याने तिथल्या पाच मार्गांवर वर्षभर बस फुकट चालवून पाहिली. विधिमंडळात असताना त्यासाठी ममदानींनी खटपट केली होती. तेव्हा अशा उमेदवाराला विचारावे, "किल्ली आणणार कशी, ते सांगा."

पोलिसांचे वचन सोपे दिसते, कारण पोलीस शहराचे. पण त्यांचा पगार शहराच्या तिजोरीतून, आणि अंदाजपत्रकाला नगरसेवकांची मंजुरी लागते. पाच हजार की सात हजार, यापेक्षा पैसा कशातून कापणार हे विचारणे बरे. घरांची गंमत वेगळीच. ममदानींनीही दहा वर्षांत दोन लाख घरे म्हटले होते. तिथे महापौराची मुदत चार वर्षांची, आणि लागोपाठ दोनच वेळा. म्हणजे आठ वर्षे. दहावे वर्ष उजाडेल तेव्हा जाब कोणाला विचारायचा?

त्या निवडणुकीत वीस लाखांहून जास्त लोकांनी मत दिले. निम्म्याहून थोडी अधिक मते ममदानींना पडली, आणि ते निवडून आले.

आमची स्वतःची फजितीही सांगतो. आम्ही नोकरीत होतो तेव्हा गावच्या एका उमेदवाराने ओढ्यावर पूल बांधण्याचे वचन दिले. आम्ही, मॅट्रिक झालेली माणसे, भाळलो आणि मत दिले. रस्ता होता जिल्हा परिषदेचा. ग्रामपंचायतीने ठराव पाठवला, बस्स. पूल काही झाला नाही. दर पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीतल्या मुली शाळेत येईनाशा झाल्या. दोघींची नावे पटावरून कायमची काढली, तीही आम्हीच.

आता पाटी घ्या. तीन रकाने आखा. पहिल्यात गेल्या निवडणुकीत ऐकलेले एक वचन लिहा. दुसऱ्यात, ते काम कोणाच्या हातातले ते लिहा: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद की राज्य सरकार. तिसऱ्यात, पैसा कुठून येणार ते लिहा. तिसरा रकाना कोरा राहिला तर राहू द्या. तो तसाच घेऊन ग्रामसभेला या.