टाचणीखालची चिठ्ठी

फुलपाखरू म्हटले की बहुतेकांना बाग आठवते, कविता आठवते. मला मात्र गेल्या दिवाळीपासून डांबराच्या गोळ्यांचा वास आठवतो. ‘कमवा व शिका’ योजनेतून माझी नेमणूक एका लहानशा वस्तुसंग्रहालयात झाली. अक्षर बरे आहे, एवढीच माझी पात्रता. एका निवृत्त वनाधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांनी फुलपाखरांच्या चौदा पेट्या तेथे देणगी दिल्या होत्या. त्यांची सूची करायची होती. मी इतिहासाचा विद्यार्थी. माझा आणि फुलपाखरांचा संबंध काय, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर मला या कामातच मिळाले.

पहिला नियम हात न लावण्याचा. पेटी उघडली की आधी तिचे छायाचित्र घ्यायचे, म्हणजे कोणते फुलपाखरू कोणत्या रांगेत होते ते कायम राहते. वाळलेले फुलपाखरू इतके ठिसूळ असते की बोट लागताच त्याची मिशी गळून पडते. म्हणून धरायची ती टाचणी, आणि तीही चिमट्याने. खाली तपकिरी भुकटी दिसली तर कीड लागली असे समजून ती पेटी वेगळी ठेवायची.

प्रत्येक टाचणीवर, फुलपाखराच्या खाली, एक बारीकशी चिठ्ठी असते. कोठे सापडले, केव्हा सापडले, कोणी पकडले, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. ती काढायची नाही. संग्रहालयाचा क्रमांक दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून तिच्याखाली लावायचा आणि जुना मजकूर नोंदवहीत जसाच्या तसा उतरवायचा.

मला वाटे, महत्त्वाचे ते नाव. पण नाव नंतरही ठरवता येते, आणि ते बदलतेही. ‘प्लेन टायगर’ या आपल्याकडील नेहमीच्या फुलपाखराला लिनियसने 1758 साली ‘पॅपिलिओ’ या कुळनामाखाली घातले. आज ते ‘डॅनॉस’मध्ये आहे. याची अळी रुईची पाने खाते. त्या पानांतले विष फुलपाखराच्याही अंगात राहते आणि पक्षी त्याला टाळतात. ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी विषारी नसून हुबेहूब हाच वेष घेते. दोघींना मी एकाच रांगेत लिहीत गेलो. संग्रहपाल सरांनी भिंग हातात दिले आणि मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजायला सांगितले. प्लेन टायगरला मधोमध तीन-चार, एगफ्लायच्या मादीला पुढच्या कडेला एकच. चूक पाच मिनिटांत दुरुस्त झाली.

दुसरी चूक मात्र दुरुस्त झाली नाही. सायंकाळी काम लवकर उरकावे म्हणून मी पाच प्लेन टायगरच्या चिठ्ठ्या टाचण्यांवरून काढून टेबलावर ओळीने मांडल्या. वीज गेली होती, ती आली. पंखा फिरला आणि चिठ्ठ्या खाली उडाल्या. पाचही सापडल्या. पण आंबोलीची कोणाची, कोयनानगरची कोणाची? पाचही फुलपाखरे एकाच जातीची. छायाचित्रात चिठ्ठ्या पंखांखाली झाकलेल्या. अंदाजाने लावल्या असत्या तर कोणालाही कळले नसते. मी टाचणी हातात घेतलीही.

त्या रात्री वसतिगृहात झोप आली नाही. आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर कोणीतरी कधीतरी एक नाव चुकीचे चढवले होते. त्यापायी वडिलांनी तालुक्याला किती खेटे घातले, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. लिहिणाऱ्याने बहुधा असाच विचार केला असेल, की कोणाला कळणार आहे? आमच्या घरात नोंदवहीवर सही करणारा मी पहिलाच, आणि माझ्या हातून तेच होणार होते.

सकाळी सरांना सांगितले. मजुरी कापली जाईल असे वाटले होते. त्यांनी पाचही चिठ्ठ्या एका पाकिटात घालायला लावल्या आणि प्रत्येक क्रमांकापुढे माझ्याकडून लिहून घेतले : “या पाच चिठ्ठ्यांपैकी एक याची, कोणती ते सांगता येत नाही. नोंदणीच्या वेळी गोंधळ झाला.” खाली तारीख आणि माझी सही. मग ते म्हणाले, डार्विननेही 1835 साली गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांवर कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे नीट लिहिले नव्हते. पुढे त्याला जहाजावरच्या इतरांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. माझ्या फुलपाखरांना असा दुसरा आधार नाही. उद्या कोणी आंबोलीच्या पंखांची मापे घेऊ लागला, तर त्या पाचांचा त्याला उपयोग नाही. पण ती त्याला फसवणारही नाहीत.

इतिहासाच्या तासाला अस्सल साधन आणि बनावट साधन यांतला फरक आम्ही पाठ करतो. बनावट साधन नेहमी लबाडच तयार करतो असे नाही. कंटाळलेला, घाबरलेला कारकूनही ते करतो, हे मला त्या पाच चिठ्ठ्यांनी शिकवले.

2015 साली ‘ब्लू मॉरमॉन’, म्हणजे राणी पाकोळी, महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. आमच्या नवव्या पेटीत ती आहे. निळा रंग अजून टवटवीत. पाहुणे तिच्यापाशी थांबतात. मी थांबतो तो चौथ्या पेटीपाशी.